एका नावाखाली दोन रोग

खेड्यातील माणूस कोंबडीच्या रोगाला नाव देतो ते डोळ्यांना जे दिसते त्यावरून. मान पिरगळून पडलेली कोंबडी पाहिली की तो मानमोडी म्हणतो, तुऱ्यावर फोड आले की देवी म्हणतो, आणि तेवढ्या नावाने त्याचे काम भागते. कारण नाव ठेवण्यामागे त्याचा हेतू शेजाऱ्याला सावध करण्याचा असतो, निदानाचा नसतो. शास्त्रज्ञ मंडळीही प्रारंभी याहून फारसे निराळे वागत नाहीत. त्यांचे नाव ग्रीक वा लॅटिन असते, ते दप्तरी दाखल होते, आणि एकदा दप्तरी चढलेले चुकीचे नाव खोडून काढण्यास कधीकधी अर्धे शतक लागते, एवढाच काय तो भेद. अंड्यांच्या व्यापारासाठी पाळलेल्या कोंबड्यांना विषाणूंमुळे जे अर्बुदरोग होतात, म्हणजे ज्यांत यकृत, प्लीहा, अंडाशय, मज्जातंतू इत्यादी ठिकाणी गाठी धरतात, त्यांचा इतिहास पुष्कळ अंशी अशा एका नावाचा इतिहास आहे.

१९०७ साली बुडापेस्टच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील प्राध्यापक योझेफ मॅरेक यांनी एका जर्मन नियतकालिकात चार कोंबड्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या नरांचे पाय लुळे पडले होते व पंख लोंबत होते. मॅरेक यांनी शवविच्छेदन केले तेव्हा कण्यातून निघणारी मज्जातंतूंची मुळे व कमरेजवळील त्यांचे जाळे सुजून जाड झालेले आढळले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या तंतूंमध्ये पांढऱ्या पेशींची दाटी दिसली. त्यांनी या विकाराला अनेक मज्जातंतूंचा दाह असे नाव दिले आणि तेथेच ते थांबले. गाठी त्यांनी पाहिल्या नाहीत, कारण त्या चार पक्ष्यांत त्या नव्हत्या. आयुर्वेदात कमरेपासून टाचेपर्यंत कळ मारणाऱ्या विकाराला गृध्रसी म्हणतात, आणि रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव पडले असे सांगतात. माणसाच्या ज्या व्याधीला पक्ष्याचे नाव मिळाले, तिच्याच नाडीत बुडापेस्टच्या या प्राध्यापकाला पक्ष्याची व्याधी सापडावी, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो. रोगी पक्षी एक पाय पुढे व एक पाय मागे ताणून जमिनीवर पसरतो. ज्याने ती बैठक एकवार पाहिली त्याला ती पुन्हा ओळखण्यास पुस्तक लागत नाही.

पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, कोपनहेगन येथे व्हिल्हेल्म एलरमान व ओलुफ बांग या दोघांनी निराळ्याच दिशेने पाऊल टाकले. रक्तातील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढून मरणाऱ्या कोंबडीचे अवयव वाटून, तो रस जिवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतून गाळून, पेशीचा कणही नसलेला तो निवळ द्रव त्यांनी निरोगी कोंबडीस टोचला, आणि तिलाही तोच रोग झाला. आजच्या दृष्टीने हा शोध केवढा मोठा! परंतु त्या काळी रक्ताच्या या विकाराची गणना कर्करोगात होत नसे, आणि शिवाय रोगी कोंबडी. तेव्हा वैद्यकाच्या दरबारात या फिर्यादीची दखल घेण्याचे कोणास कारण वाटले नाही. १९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांच्याकडे छातीवर गाठ आलेली प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आणण्यात आली. त्यांनी ती गाठ एका कोंबडीतून दुसरीत लावली व १९११ मध्ये तीही गाळलेल्या रसाने उत्पन्न होते असे सिद्ध केले. राउस यांना या कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी. एका कोंबडीची साक्ष ग्राह्य ठरण्यास पंचावन्न वर्षे लागली, आणि मधल्या काळात राउस यांनी स्वतःही त्या विषयाला बरीच वर्षे रामराम ठोकला होता.

हे प्रयोगशाळेत चालले असता बाहेर कोंबडीचे आयुष्यच पालटत होते. रानकोंबडी वर्षाला डझनभर अंडी घालते, तीही एका ऋतूत. परसातील कोंबडी त्याहून अधिक घालते, पण मधूनमधून खुडूक बसते व धन्याचा हिशेब बिघडविते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेने या दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त करावयास घेतला. कॅलिफोर्नियातील पेटालुमा गावी लायमन बाइस यांनी १८७९ मध्ये उबवणीचे यंत्र सिद्ध केले आणि पुढे ते गाव जगाची अंड्यांची टोपली म्हणून मिरवू लागले. अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिलू पोटातील शिल्लक बलकावर दोनतीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरते, या निसर्गाच्या सवलतीचा फायदा घेऊन १९१८ पासून अमेरिकन टपालखात्याने एक दिवसाची पिले टपालाने नेण्यास अनुमती दिली. त्यापुढील दशकात ड जीवनसत्त्वाचे रहस्य उलगडले. कॉड माशाचे तेल खाण्यात मिसळले म्हणजे सूर्यप्रकाशावाचूनही पिलांची हाडे वाकत नाहीत हे कळले, आणि कोंबडी बारमाही छपराखाली राहू शकते असे ठरले. छपराखाली एक हजार, मग दहा हजार. जी धूळ पूर्वी वाऱ्याबरोबर शेतात उडून जाई, ती आता भिंतींवर, तुळयांवर व पुढच्या तुकडीतील पिलांच्या श्वासात साठू लागली. या धुळीकडे पुन्हा यावयाचे आहे.

१९२० नंतर युरोप व अमेरिका या दोन्ही खंडांत लुळ्या कोंबड्यांच्या तक्रारी वाढत गेल्या. पापेनहायमर, डन व कोन या तिघा अमेरिकनांनी १९२६ ते १९२९ या काळात या रोगाचा जो बारकाईने अभ्यास केला, त्यात त्यांना असे आढळले की मज्जातंतू सुजलेल्या काही पक्ष्यांत अंडाशयादी अवयवांतही गाठी असतात. आणि या दोहोंचा कार्यकारणसंबंध त्यांनी जोडला. निरीक्षण अचूक होते. दुर्दैव असे की त्याच कोंबड्यांच्या कळपात आणखी एक रोग वावरत होता, ज्यात यकृत अवाढव्य वाढून सारे पोट व्यापून टाकी, ज्याला इंग्लिश बोलणारे शेतकरी मोठ्या यकृताचा रोग म्हणत, आणि ज्यात मज्जातंतूंना धक्काही लागत नसे. दोन्ही रोगांत गाठी, दोन्हींत त्याच जातीच्या पांढऱ्या पेशी, आणि एकाच शेडमध्ये, कधीकधी एकाच पक्ष्यात, दोघांचा मुक्काम. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील तज्ज्ञांनी मग या साऱ्या प्रकारांना, म्हणजे मज्जातंतूंचा, अंतरंगाचा, डोळ्याचा व हाडाचा, एकाच संमिश्र रोगसमूहाच्या दावणीला बांधले. ही तडजोड होती. परंतु शब्दाचा महिमा असा, की एक नाव दिल्याबरोबर एक कारण शोधण्याची वृत्ती आपोआप बळावली, आणि पुढील वीस वर्षे विद्वान माणसे दोन गुन्हेगारांचे ठसे एकाच आरोपीच्या बोटांशी जुळवून पाहत बसली.

या गोंधळाची किंमत शेतकरी मोजीत होता, आणि ती कशी हे समजण्यास अंड्यांच्या धंद्याचे गणित पाहिले पाहिजे. तलंग पहिले अंडे घालीपर्यंत पाळणारा तिला अठरा ते वीस आठवडे पोसतो. तोवर आमदनी शून्य, खर्च मात्र रोजचा. लुळेपणाचा रोग बहुधा बारा ते चोवीस आठवड्यांच्या पक्ष्यांवर येतो आणि मोठ्या यकृताचा रोग त्यामागोमाग, ऐन अंड्यावर आलेल्या पक्ष्यांवर. कणीस भरल्यावर शेतात रानडुकरे शिरावीत तसाच हा प्रकार. लस निघण्यापूर्वी वाईट तुकडीत शंभरातील पंचवीस-तीस पक्षी एकट्या लुळेपणाच्या रोगाने गेल्याची उदाहरणे होती. अमेरिकन सरकारने १९३९ साली मिशिगन राज्यातील ईस्ट लॅन्सिंग येथे याच संकटाच्या निवारणार्थ एक स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू केली. कॉर्नेल विद्यापीठात हट व कोल या अनुवंशशास्त्रज्ञांनी त्याआधीच, १९३५ पासून, औषधाचा नाद सोडून वंशाचा मार्ग धरला होता. रोगट कळपाच्या सान्निध्यात पिले ठेवायची, ज्या घराण्यातील पक्षी तगतील त्यांचीच पैदास करायची, आणि कारण न समजताही रोग हटवायचा, ही त्यांची रीत. ती पुष्कळ यशस्वी झाली. अज्ञानात राहून केलेल्या शहाणपणाच्या कामाचे मला नेहमीच कौतुक वाटते, आणि या सबंध इतिहासात असे काम फार थोड्यांनी केले आहे.

ईस्ट लॅन्सिंगच्या बर्मेस्टर यांनी मोठ्या यकृताच्या रोगाचा विषाणू वेगळा काढून, तो वरकरणी निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंड्यातून पिलात उतरतो हे १९५० च्या दशकात दाखविले. या शोधाने एक गाठ सुटली आणि दुसरी अधिकच घट्ट झाली. कारण हा विषाणू टोचून पक्ष्यांत गाठी होत, लुळेपणा मात्र होत नसे. अखेर १९६१ मध्ये ब्रिटनमधील कॅम्पबेल व पीटर बिग्ज यांनी ही दावणच सोडली. यकृताच्या रोगास त्यांनी ल्युकोसिसचे नाव ठेवले, आणि लुळेपणाच्या रोगास, तो गाठींसह असो वा गाठींविना, मॅरेक यांचे नाव दिले. मॅरेक १९५२ साली निवर्तले होते. आपल्या नावाचा रोग झालेला पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते, आणि असा मान कोणास हवासा वाटेल याविषयी मी साशंक आहे. पण नुसत्या या फाळणीने काय झाले पाहा. १९६२-६३ मध्ये अमेरिकेत व इंग्लंडमध्ये रोगी पक्ष्याच्या जिवंत पेशी टोचून मॅरेकचा रोग हमखास उत्पन्न करता येऊ लागला, आणि १९६७ मध्ये हंटिंग्डननजीकच्या हाऊटन येथील कुक्कुटसंशोधन केंद्रात चर्चिल व बिग्ज यांनी त्याचा विषाणू धरला. तो निघाला माणसाच्या नागीण व कांजिण्यांच्या विषाणूच्या कुळातला. साठ वर्षे जो सापडला नाही तो नाव सुधारल्यावर सहा वर्षांत सापडला.

दोघांचे स्वभाव आता उघड झाले, आणि ते इतके भिन्न निघाले की त्यांना कधी एक मानले होते याचेच आश्चर्य वाटावे. ल्युकोसिसचा विषाणू वतनदारासारखा वागतो. आईच्या अंड्यातून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे, असा त्याचा वारसा चालतो. ज्या पिलाला तो अंड्यातच मिळतो ते त्याला आपलाच मानून त्याच्याविरुद्ध ब्र काढीत नाही व आयुष्यभर तो पुढे वाटत राहते. शेपटीच्या बुडाशी असलेल्या फॅब्रिशियसच्या पिशवीत तो रोगाचे बीज पेरतो, आणि ती पिशवी वेळीच काढून टाकली तर गाठी होत नाहीत. मॅरेकचा विषाणू मात्र अंड्यातून येत नाही. तो फिरस्ता आहे. कॉर्नेलच्या काल्नेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखविले की पक्ष्याच्या सर्व शरीरात हा विषाणू पेशींना चिकटून राहतो, पेशी मेली की तोही निकामी होतो. फक्त पिसांच्या मुळाशी असलेल्या त्वचेत तो पूर्ण तयार होऊन मोकळा सुटतो, आणि झडणाऱ्या कोंड्याबरोबर हवेत पसरून महिनोन्‌महिने टिकतो. तुळयांवरील धूळ ती हीच. एक दिवसाचे पिलू शेडमध्ये पाऊल ठेवते आणि पहिल्या काही श्वासांतच त्याची व विषाणूची गाठ पडते.

ल्युकोसिसचा बंदोबस्त म्हणून वतने खालसा करण्याचाच उपाय होता. अंड्याच्या पांढऱ्यातील विषाणूची प्रथिने ओळखण्याची सोपी चाचणी आल्यावर मूळ पैदाशीच्या कोंबड्या एकेक तपासून, दोषी माता काढून टाकून, उरलेल्यांची पिले लहान लहान गटांत वेगळी वाढविण्यात आली. जगातील व्यापारी अंड्यांच्या कोंबड्यांची मूळ घराणी मोजक्याच कंपन्यांच्या हाती असल्यामुळे शिखरावर झालेली ही सफाई पायथ्याच्या कोट्यवधी पक्ष्यांपर्यंत आपसूक उतरली. तरीही मामला मिटला असे नाही. १९८८ मध्ये इंग्लंडमध्ये मांसाच्या कोंबड्यांत या कुळातील एक नवा सदस्य सापडला, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो चीनमधील अंड्यांच्या कोंबड्यांतही शिरून त्याने मोठी हानी केली. त्याहून विलक्षण गोष्ट ही, की अशा विषाणूंचे काही जुने तुकडे निरोगी कोंबडीच्या स्वतःच्या आनुवंशिक दप्तरातच लिहिलेले आढळतात. ती वतने कोण खालसा करणार?

मॅरेकच्या रोगावरचा उपाय लसीचा. हाऊटन येथे चर्चिल, पेन व चब यांनी विषाणू पेशींच्या पात्रात पुनःपुन्हा वाढवून निस्तेज केला आणि १९६९ मध्ये त्याची लस सिद्ध केली. नैसर्गिकपणे होणाऱ्या कर्करोगास प्रतिबंध करणारी ही जगातील पहिली लस, आणि ती कोंबडीसाठी होती. त्याच सुमारास ईस्ट लॅन्सिंगमध्ये टर्की पक्ष्यापासून याच कुळातील एक निरुपद्रवी विषाणू मिळाला. तो कोंबडीस टोचला असता तिला काहीही होत नसे, पण मॅरेकच्या गाठींपासून ती वाचे. गाईच्या देवीने माणसाची देवी थोपविण्याची जेन्नरची जी युक्ती, तीच ही. मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवी काढण्यात आली, हिंदुस्थानातील पहिली. ती लस बगदाद व बसरा या मार्गाने एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत ठेवीत आणावी लागली होती. मॅरेकच्या लसीची अडचणही नेमकी तशीच, कारण तिचा विषाणू सहसा जिवंत पेशीबाहेर तग धरत नाही. फरक इतकाच की आज माणसांच्या दंडाचे काम द्रवरूप नायट्रोजन करतो. उणे १९६ अंशांच्या त्या थंडीत पेशी निद्रिस्त राहतात, आणि काचेच्या कुपीतील गोठलेली लस कोमट पाण्यात वितळवून ती तासाभरात पिलाच्या मानेत गेली नाही तर टोचणे व न टोचणे सारखेच.

अमेरिकेत टर्कीची लस १९७१ मध्ये बाजारात आली व रोग मोजकाच उरला. दहा वर्षेही पुरती झाली नाहीत तोच लस दिलेल्या तुकड्यांतून पुन्हा गाठींच्या खबरा येऊ लागल्या. मग १९८० च्या दशकात टर्कीच्या विषाणूला कोंबडीच्या एका सौम्य विषाणूची जोड देण्यात आली. त्यानेही भागेना तेव्हा डच शास्त्रज्ञ रिस्पेन्स यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेली लस १९९० च्या दशकात अमेरिकेने घेतली. संशोधक विटर यांनी १९९७ मध्ये या विषाणूच्या तीव्रतेच्या ज्या पायऱ्या मांडल्या त्यांत सौम्य, तीव्र, अतितीव्र आणि त्याहीपलीकडचा अशी चढण दिसते. पहिल्या पायरीवरचा विषाणू मॅरेक यांच्या चार कोंबड्यांसारखा पाय लुळे करतो. शेवटच्या पायरीवरचा काही दिवसांत मेंदू सुजवून मारतो.

असे का व्हावे? २०१५ साली अँड्र्यू रीड, वेणुगोपाल नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक उत्तर मिळते. सर्वांत उग्र विषाणू टोचलेले लस न दिलेले पक्षी दहा दिवसांत मेले, आणि मेलेला पक्षी कोंडा झाडीत नाही. लस दिलेले पक्षी मात्र जगले, आणि कित्येक आठवडे तोच उग्र विषाणू धुळीतून पसरवीत राहिले. ही लस रोगास रोखते, संसर्गास रोखत नाही. यजमान लवकर मरणे हा अतिउग्र विषाणूचा जो जुना तोटा होता, तो तिने भरून दिला. सगळा दोष लसीच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल, कारण विषाणू उग्र होऊ लागला होता तो लस येण्याच्या आधीपासून. २०२३ मध्ये उत्खननात मिळालेल्या कोंबड्यांच्या हाडांतून या विषाणूची प्राचीन जनुके वाचण्यात आली. किमान हजार वर्षे तो कोंबडीबरोबर राहत आलेला आहे, पण गाठी उत्पन्न करणारे त्याचे मुख्य जनुक त्या काळी इतके दुबळे होते की बहुधा त्याने गाठी होतच नसाव्यात. परसात, झाडाखाली, दहाबारांच्या थव्यात तो एक निरुपद्रवी भाडेकरू होता. मॅरेक यांनी १९०७ साली जे पाहिले तो रोगाचा जन्म नसला तरी त्याच्या बदललेल्या वृत्तीचा प्रारंभ असावा असे मानण्यास जागा आहे. आणि तेव्हा पेटालुमातील उबवणीची यंत्रे सुरू होऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.

आज आपल्याकडच्या अंड्यांच्या शेडमध्ये येणारे बहुतेक पिलू उबवणी केंद्रातूनच मॅरेक्सची लस घेऊन आलेले असते. तसा दाखला पेटीबरोबर येतो. तरीही एखाद्या तुकडीत अठराव्या-विसाव्या आठवड्याला मरतुक वाढते, डॉक्टर येतात, मेलेल्या तलंगेचे पोट फाडतात, आणि आत यकृतावर, प्लीहेवर करड्या-पांढऱ्या गाठी दिसतात. मॅरेक्स असेल, ल्युकोसिस असेल. शिवाय तिसरा एक विषाणू, जो १९५८ मध्ये प्रथम टर्कीत सापडला आणि १९७० च्या दशकात जपानमध्ये मॅरेक्सच्याच लसीत मिसळून कळपांत शिरला होता, त्याच्याही गाठी अशाच दिसतात. मज्जातंतू जाड आहे का, फॅब्रिशियसच्या पिशवीत गाठ आहे का, हे बोटांनी चाचपून अंदाज बांधता येतो. खात्री मात्र प्रयोगशाळेत तुकडा धाडल्यावाचून होत नाही, आणि शेडवाला दरवेळी तो धाडीत नाही. तो नोंदवहीतील मरतुकीच्या रकान्यात पक्ष्यांचा आकडा मांडतो, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहितो: गाठ.